कोपरा फाडलेलं कार्ड

औंढ्याच्या सरुबाईला नवरा होता, पण तो कार्डावर होता. गेणू भुसावळला रेल्वेच्या शेडमध्ये खलाशी, इंजिनं पुसायच्या कामावर. वर्षातून एकदा आठ दिवसांची रजा काढून यायचा, भातलावणीला हात लावायचा आणि चिखलाचे पाय धुऊन परत गाडीत बसायचा. बाकी वर्षभर इकडून एक कार्ड जायचं, तिकडून एक यायचं. आता असल्या संसारात सात वर्षं पाळणा हलला नाही, तर गावानं बोट कुणाकडं दाखवावं? सरूकडं! भुसावळ लांब पडत होतं ना, तिथवर बोट कुणाचं पोचणार?

कार्ड लिहायचं म्हणजे एक सोहळाच असायचा. सरूला अक्षर येत नव्हतं आणि तिच्या सासूला, धोंडाबाईला, त्याहून येत नव्हतं. बाजाराच्या दिवशी दोघी चालत लोणावळ्याला जायच्या आणि त्र्यंबकमास्तरांच्या ओट्यावर टेकायच्या. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. माणूस देवगुणी, कुणाकडून दिडकी घ्यायचे नाहीत. पण त्यांची एक खोड होती. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत त्यांच्या चार ओळी लिहून झालेल्या असायच्या. 'चिरंजीव गेणू यास अनेक आशीर्वाद. येथील सर्व मंडळी क्षेम असून तुझी खुशाली कळवीत जावी.' दोन वर्षांमागं सरूचा सासरा गेला तेव्हाही मास्तरांनी आधी सर्व मंडळी क्षेम असल्याचं कळवलं आणि मग खाली 'तीर्थरूप आबा वारले' असं लिहिलं. दिवसकार्याला आलेल्या गेणूनं ते सांगितलं तेव्हा रडणारी माणसंसुद्धा तोंडाला पदर लावून हसली होती.

एकदा कार्ड वाळेपर्यंत मास्तर कौतुकानं म्हणाले, "सोपं असतं हो धोंडाबाई. एक सांगणारा, एक निरोप, एक नेणारा आणि एक ऐकणारा. हे चार जमले की माणूस भुसावळला असो नाहीतर काशीला, बोलणं झालंच म्हणून समजा."

घरी येताना सरूनं वाटेत हिशेब मांडला. सांगणार आत्याबाई. लिहिणार मास्तर. नेणार टपालवाला. तिकडं वाचून दाखवणार शेडमधला कारकून, आणि ऐकणार 'ते'. ह्या सगळ्या गर्दीत म्या कुटं? एकदा फार धीर करून ती ओट्यावर पुटपुटली होती, "माजं बी कायतरी लिवा." मास्तर म्हणाले, "लिहितो की!" आणि लिहिलं, 'सौ. सरूचा शिरसाष्टांग नमस्कार.' सात वर्षांत भुसावळला पोचलेली सरू ती एवढीच. सासू मांडीला मांडी लावून बसलेली असताना बाईमाणूस नवऱ्याला आणखी काय सांगणार, सांगा!

दसरा झाला आणि धोंडाबाईनं विषय काढलाच. कार्ल्याच्या मारुतीभाऊंची पुतणी लग्नाची होती. गेणूला दुसरी बायको करायची.

धोंडाबाई वाईट नव्हती बरं का. सरूला ताप आला की रात्रभर उशाशी बसणारी, पहिली गरम भाकरी तिच्या पानात टाकणारी सासू. पण नवरा गेल्यापासून तिला घर खायला उठायचं. "तुला काय मी काडून टाकत न्हाई," ती सरूच्या केसांना तेल लावता लावता म्हणाली. "तू मोठी, ती धाकली. माज्या मांडीवर एक पोर येऊ दे, बास." सरूनं मान हलवली. दुसरं काय हलवणार?

पण एक गोष्ट तिनं मनाशी धरून ठेवली. गेणूला हे पसंत असेल तर ती मुकाट्यानं सवत नांदवून घेईल, किंवा माहेरी निघून जाईल. पण त्याचं 'व्हय' त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय नाही.

पहिलं कार्ड गेलं, त्यात मुलीचं सगळं लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. मास्तरांनी ते ओट्यावर खड्या आवाजात वाचलं, "आपली आज्ञा शिरसावंद्य."

"म्हंजी वो?" धोंडाबाईनं विचारलं.

"म्हणजे तुम्ही म्हणाल ते त्याला मान्य आहे."

धोंडाबाईनं तिथंच पदर डोळ्यांना लावला, बाजारातून पेढे घेतले आणि त्यातला एक सरूच्या हातावर ठेवला. सरूला तो गिळवेना. शिरसा काय ते! जो माणूस आनंद झाला तरी 'बरं हाय' आणि दुःख झालं तरी 'बघू' म्हणतो, तो असलं बोलेल? ती रात्रंदिवस त्या शब्दात नवऱ्याचा आवाज शोधत होती आणि तो काही केल्या सापडत नव्हता. उत्तर आलं होतं, पण ते कुणाचं होतं?

मार्गशीर्ष लागला. सुपारी फोडायचा दिवस ठरला आणि दुसरं कार्ड लिहायला दोघी परत ओट्यावर गेल्या. मास्तरांनी लिहिलं, 'येथील सर्व मंडळी क्षेम आहेत. पत्रदेखत निघून यावे. बाकी मजकूर समक्ष भेटीअंती.' वाचून दाखवलं, धोंडाबाई खूश झाली. तिला मीठमिरची घ्यायची होती. कार्ड सरूच्या हातात देऊन ती म्हणाली, "जा, पेटीत टाकून ये. मी दुकानात हाय."

आता हे सगळ्यांना ठाऊकच आहे, की मयताच्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असतो. ते वाचायला अक्षर लागत नाही. तसलं कार्ड टपालवाला उंबऱ्याच्या आत देत नाही, घरातलं माणूस ते अंगणातच ऐकतं आणि तिथंच फाडून टाकतं. कार्डात पुढं काय लिहिलंय ते कुणी धड ऐकतही नाही. कोपऱ्यानंच सगळं सांगितलेलं असतं.

सरू टपालपेटीसमोर उभी राहिली. कार्डावर एवढी अक्षरं होती आणि त्यातलं एकही तिचं नव्हतं. कार्ड जाईल, गेणू येईल, स्टेशनावरच मारुतीची माणसं त्याला हार घालतील आणि मग चारचौघांत 'तुमी खरंच व्हय म्हनला का' हे विचारायला सरूला जागा कुठं उरणार? तो आधी यायला हवा होता. घाबरून, धावत, कुणालाही न कळवता यायला हवा होता. जित्या माणसांच्या घरचं कार्ड फाडायचं म्हणजे मरणाला आवतणच की! "एकवीराआई," ती पुटपुटली, "ह्यात कुनाचं वाईट व्हायचं आसंल तर माजं व्हऊ दे." आणि तिनं टर्रकन कोपरा फाडला, कार्ड पेटीत लोटलं आणि तो कपटा कमरेला खोचून मिरचीच्या दुकानाकडं पळाली.

पुढचे पाच दिवस तिचे तिलाच माहीत. हे मी काय करून बसले? वाटेत त्यांनी गाडीखाली जीव दिला तर? सासू नुसती खोकली तरी सरू हातातलं काम टाकून तिच्याकडं बघत राहायची. धोंडाबाई म्हणाली, "आगं, तुला झालंय तरी काय? माज्याकडं अशी टकामका काय बघतीस?"

पाचव्या दिवशी खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. कार्ल्याहून मारुतीही आला होता, सुपारीचं बोलायला. धोंडाबाई सुपानं भात वारवत होती आणि सरू पेंढ्याचा भारा घेऊन खालच्या बांधाकडं गेली होती. अशात बांधावरून एक माणूस धावत आला. पायात वहाण नाही, अंगात शेडमधलाच काळा सदरा, डोळे सुजून लाल. गेणू! त्यानं आईला बघितलं, धाडकन तिच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

"आई गं, कवा गेली ती? मला मानूस का न्हाई धाडला? तोंड बी बघू दिलं न्हाईस!"

धोंडाबाईच्या हातातलं सूप पडलं. "कोन गेली रं मुडद्या? काय बोलतोस?"

तेवढ्यात सरू रिकाम्या हातानं बांध चढून वर आली. गेणूनं मान वर केली आणि तिला बघितलं. त्यानं दोन्ही हात भुईवर टेकले. तो तिच्याकडं नुसता बघत राहिला.

धोंडाबाईनं त्याच्या खिशातून डोकावणारं कार्ड ओढलं; ते फाडून टाकायचंही त्याला भान राहिलं नव्हतं. फाटका कोपरा दिसला आणि ती कडाडली, "हे कुनाचं काम? आमी समदी जित्ती आसताना आमच्या कारडाचा कोपरा कुनी फाडला?"

"म्या फाडला," सरू म्हणाली.

खळ्यावरची काठी न् काठी थांबली. धोंडाबाईनं हात उगारला. पण सरू मागं सरली नाही. सात वर्षांत पहिल्यांदा ती सगळ्यांदेखत नवऱ्याशी बोलली. "माराल तेवडं मारा, आत्याबाई. पर मला ह्यास्नी येक इचारायचं हाय. तुमी दुसरीला व्हय म्हनला का? तुमच्या तोंडानं सांगा. व्हय म्हनला आसंल तर मी आत्ता माहेरची वाट धरते."

"म्या?" गेणू चक्रावला. "म्या कवा व्हय म्हनलो? म्या कारकुनाला सांगितलं, आदी तिला काय वाटतंय ते इचारा म्हनून लिवा. त्यानं 'लिवतो' म्हनून मान हलवली. मला काय वाचता येतंय?"

मारुती खाकरला. "पर पत्रात तर आज्ञा मान्य म्हनून आलंय."

"कारकून समद्यांच्याच पत्रात तेच लिवत आसंल, मारुतीभाऊ. आपला मास्तर न्हाई का समद्यांना क्षेम करून टाकत? ह्या कारडात बी समदे क्षेम हायेत म्हनं! आन लगेच निघून ये म्हनं. कोपरा बघितला आन मला समजलं, की हे माज्यापासनं लपवत्यात."

धोंडाबाईचा उगारलेला हात खाली आला होता. ती लेकाच्या तोंडाकडं निरखून बघत होती. डोक्यावर केस होते. मिशी जागच्या जागी होती. आई गेल्याचं कार्ड आलेला लेक असा येत नाही. डोक्याची हजामत करून, मिशी उतरवून येतो.

"गेण्या," ती हळू आवाजात म्हणाली, "घरात आमी दोघीच बाया. म्हातारी मी हाय. खोकला मला हाय. मंग कोपरा बघून तुला माजी शंका का आली न्हाई रं?"

गेणू खाली बघून म्हणाला, "तू गेली आसतीस तर हिनं कारड धाडलं नसतं, आई. ही सोता गाडीत बसून मला सांगाया आली आसती. पर ही गेली, तर मला कोन सांगाया येनार व्हतं? माज्या वाट्याला कारडच येनार."

धोंडाबाई मटकन खाली बसली. लेकानं आवाज चढवला नव्हता, तरी ते तिला वर्मी लागलं. खरंच, सरूला काही झालं असतं तर तिनं काय केलं असतं? मास्तरांच्या ओट्यावर जाऊन बसली असती. मास्तरांनी वर 'सर्व मंडळी क्षेम' लिहिलं असतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ते तिनं पुसलंही नाही.

थोड्या वेळानं ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "मारुतीभाऊ, तुमच्या पोरीला दुसरं चांगलं घर बगा. राग धरू नगा. आन हे तुमी सोता जाऊन तुमच्या तोंडानं पोरीच्या घरच्यास्नी सांगा. म्हनावं, चूक धोंडीची हाय, पोरीत खोट न्हाई." मग गेणूकडं वळून म्हणाली, "आन तू, झोडनी झाली की हिला संगं घेऊन जा. माजं मी बघीन. मेले तर कळवीन." ह्यावर ती स्वतःच रडता रडता हसली.

मग तिनं खळ्यावरच्या माणसांकडं बघितलं. सगळे तोंड उघडं टाकून बसले होते. "काय तमाशा लागलाय का हितं? चला समदी, इहिरीवर पानी पिऊन या. चला म्हनते ना!" आणि तिनं भर दुपारी, सुगीच्या ऐन घाईत, सगळ्यांना गुरं हाकावीत तशी खळ्यावरून हाकून नेलं. मारुतीलाही नेलं आणि स्वतःही गेली.

खळ्यावर गेणू आणि सरू दोघंच उरली. मध्ये सासू नाही, मास्तर नाही, टपालवाला नाही, कारकून नाही. सात वर्षांचं बोलणं सरूच्या पोटात साठलेलं होतं. कुठून सुरू करावं तेच तिला कळेना. तिनं पदर नीट केला, खाली पडलेलं सूप उचललं, परत ठेवलं.

"कायी खाल्लंसा का?" तिनं विचारलं.

"दोन दिस न्हाई," गेणू म्हणाला.

तिला एकदम रडू फुटलं. रडत रडतच तिनं झाडाखालचं भाकरीचं फडकं आणलं, त्याच्यासमोर सोडलं आणि तो खात होता तोवर त्याच्याजवळ बसून राहिली.