अजून चालू आहे

"अण्णा, एप्रिल चोवीसच्या पुढे काय लिहू?" प्रांजलीने लॅपटॉपवरची मान वर न करता विचारलं.

बिंदुमाधवराव दुधाशिवायच्या कॉफीचा पेला धरून खिडकीपाशी बसले होते. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या कंपाउंडवर कुणीतरी सतरंजी वाळत घातली होती आणि तिच्यावर ऊन पडलं होतं, एवढंच.

"सरी," ते म्हणाले.

"सरी काय, अण्णा? मी प्रश्न विचारलाय तुम्हाला."

कानडीतलं 'सरी' म्हणजे आपलं 'बरं'. राव घराणं बंगळुरात कधी आलं ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं, तीनशे वर्षं तरी झाली असतील असं म्हणायची पद्धत होती. त्यांच्या मराठीत कानडी शब्द फोडणीतल्या मोहरीसारखे सगळीकडे असायचे. पण गेल्या आठ महिन्यांत मराठीही आटली आणि कानडीही, उरलं ते हे एक 'सरी'. जेवा म्हटलं तर सरी, उपाशी राहा म्हटलं असतं तर तेही सरीच. आठ महिन्यांपूर्वी त्यांची बायको अनुसूया गेली. माणूस गेल्यावर लोक रडतात, चिडतात, देवाशी भांडतात. बिंदुमाधवरावांना यातलं काहीच जमलं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला असून आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळंच होऊन बसलं होतं.

प्रांजली ही त्यांची सून. पुण्याची पोर, लग्न करून इकडे आली आणि श्रीहरीबरोबर महादेवपुऱ्यात चौदाव्या मजल्यावर राहायला लागली. श्रीहरीचं म्हणणं, अण्णांनी मल्लेश्वरमचं हे भाड्याचं घर सोडावं आणि आपल्याकडे यावं. मुलाचं काही चूक नव्हतं. पण या घरात अनुसूया एकतीस वर्षं वावरली होती, आणि बाकी कशाचं काही वाटत नसलं तरी हे घर सोडायचं म्हटलं की रावांच्या तोंडून सरी निघत नसे. शेवटी तोड निघाली. उगादीपर्यंत, म्हणजे आपल्या पाडव्यापर्यंत, नोकरी लागली आणि भाडं त्यांचं ते देऊ लागले तर इथेच राहायचं, नाहीतर घर खाली करायचं. उगादीला सात आठवडे उरले होते.

म्हणून आज रविवारी प्रांजली लॅपटॉप घेऊन आली होती. हल्ली प्रॉपर्टीवाले कागदावरचा बायोडेटा बघतसुद्धा नाहीत, तिने समजावलं होतं. नोकरीच्या साइटवर प्रोफाइल लागतं, आणि ते शंभर टक्के भरलेलं असलं तरच वर दिसतं, नाहीतर तळाशी जाऊन पडतं. तिने फोटो चढवला, शिक्षण भरलं. मग कामाचा अनुभव विचारला.

काम त्यांचं सांगायला सोपं होतं. तेवीस वर्षं ते एका बिल्डरकडे पझेशन बघत होते, म्हणजे तयार झालेलं घर घेणाऱ्याच्या हाती द्यायचं. नळ गळतो का, खिडकी नीट सरकते का, हे बघायचं. नाण्याने एकेक फरशी वाजवायची, पोकळ आवाज आला तर उखडून परत बसवायला लावायची. आणि किल्ली दिल्यावर दूध उतू घालायचं. बंगळुरात नव्या घरात पाऊल टाकलं की पहिल्यांदा दूध उतू घालतात. घाईत लोक पातेलं विसरतात, शेगडी विसरतात. राव पहिल्या वर्षापासून एक छोटा स्टो आणि पितळेचं पातेलं बरोबर नेत. आदल्या संध्याकाळी अनुसूया ते चिंचेने घासून लख्ख करून ठेवी. दूध वर आलं, काठावरून पूर्वेकडे एक ओघळ गेला, की त्याच क्षणी राव आच बारीक करत. जास्त सांडू द्यायचं नाही, पण सांडलंच नाही असंही व्हायचं नाही. ते कसब कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

"चारशे बारा घरांत दूध उक्कवलं मी," असं त्यांनी मघाशी एका दमात सांगितलं होतं. तेवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून बऱ्याच दिवसांनी आलं होतं.

'उक्कवणं' म्हणजे उतू घालणं. हा शब्द बंगळुरी मराठीचा, पुण्याच्या कानाने तो 'उकळवलं' असा ऐकला. प्रांजलीला वाटलं, सासरे गिऱ्हाइकांसाठी चहा-कॉफी करत असणार. आकडा मात्र तिला आवडला. आकडे असले की कंपन्यांवर छाप पडते, ती म्हणाली, आणि तिने लिहिलं, 'हॉस्पिटॅलिटी: ४१२ घरे.' रावांनी वाचलं आणि म्हणाले, सरी.

आता गाडं अडलं होतं एप्रिल चोवीसपाशी. त्या महिन्यात अनुसूयाचं दुखणं कळलं आणि रावांनी दुसऱ्या आठवड्यात नोकरी सोडली. चौदा महिने तिचं केलं. ती गेल्यावर बिल्डरकडे विचारलं, तर तिथे आता पझेशन ॲपवरच होत होतं.

"बायकोचं दुखणं लिही," राव म्हणाले.

प्रांजलीचा चेहरा उतरला. सासूवर तिचाही जीव होता. पण तिचं रोजचं कामच माणसं निवडायचं होतं, आणि काय चालतं ते तिला ठाऊक होतं.

"अण्णा, ते लिहिलं तर कोणी बोलावणार नाही हो. गॅप दिसला की आम्ही पुढचं प्रोफाइल उघडतो, खरं सांगते. 'फ्रीलान्स प्रॉपर्टी कन्सल्टंट' टाकूया. सगळेच टाकतात."

तिने टाकलं. सुरुवात, एप्रिल २०२४. शेवट विचारणाऱ्या चौकटीशेजारी एक छोटा चौकोन होता, 'अजून चालू आहे'. तिने त्यात टिचकी मारली. नव्वद टक्क्यांवर अडलेला आकडा शंभर झाला आणि पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडाले.

पाच आठवडे काहीच घडलं नाही. राव सकाळी उठत, कॉफीचं डिकॉक्शन दुधाशिवाय तसंच पीत. दूध त्यांनी आठ महिन्यांत घरात आणलं नव्हतं. खालच्या दुकानदाराने आधी विचारून बघितलं, मग विचारणं सोडलं. श्रीहरीने एकदा फोनवर सामान बांधणाऱ्या माणसांचा विषय काढला.

उगादीला बारा दिवस असताना इंदिरानगरहून फोन आला. परदेशात राहणाऱ्या मालकांची घरं सांभाळणारी, त्यांत भाडेकरू ठेवणारी एक कंपनी होती. राव इस्त्रीचा शर्ट घालून मेट्रोने गेले. मॅजेस्टिकला गाडी बदलताना आपल्याला धाकधूक वाटायला हवी, असा विचार त्यांच्या मनात आला. वाटत मात्र नव्हती.

समोर बसलेल्या माणसाचं नाव शिवकुमार. पंचेचाळिशीचा, कपाळावर गंधाची बारीक रेघ, बोलणं कानडीत. त्याने प्रोफाइल वाचत आणलं आणि एका जागी थांबला. चारशे बारा घरांत हॉस्पिटॅलिटी म्हणजे काय, त्याने विचारलं. रावांनी दुधाचं सांगितलं.

"हालु उक्किसोदु? त्याला हॉस्पिटॅलिटी म्हणतात होय, राव सार?"

"सून पुण्याची आहे," राव म्हणाले.

शिवकुमार खुर्चीत मागे रेलून हसला. आता कुठे माणूस दिसला, असं काहीतरी तो म्हणाला. त्यांच्याकडे भाडेकरू येत, जात, किल्ली कुरियरने जाई, कोणी कोणाचं तोंड बघत नसे. लोकांच्या तक्रारी त्याच होत्या. असा दूध घेऊन दारात उभा राहणारा माणूस मिळाला तर त्याला हवाच होता. ते हसणं बघून रावांना कळलं की नोकरी आपल्या हातात पडत आलेली आहे.

"बरं, आणि हे फ्रीलान्स. किती घरं होती?"

"एक."

"तेवीस महिन्यांत एकच?"

"एकच. पण चोवीस तास."

काय काय बघत होतात, त्याने विचारलं. रावांनी जे केलं होतं ते सांगितलं. बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडी बसवली. पलंग विटांवर ठेवून उंच केला. चाकाची खुर्ची अडू नये म्हणून मधला उंबरा काढून टाकला. पूर्वेच्या खिडकीतलं ऊन डोळ्यांवर येई म्हणून तिथे गवताचा पडदा लावला, आणि थंडीत तोच पडदा काढला, कारण मग ऊन हवंसं झालं. सांगताना त्यांचा आवाज फरशी तपासल्याची माहिती द्यावी तसा सपाट होता. शिवकुमार लिहून घेत होता. घरात वयस्क माणूस असेल तर अशा सोयींना आता मागणी आहे, तो खुशीत म्हणाला.

"पण हे अजून चालू आहे असं लिहिलंय. मग आमच्याकडे वेळ कसा देणार?"

ओठावर सरी आलं होतं. काहीही बोलून निभावता आलं असतं, त्या माणसाला ऐकायचंही तेच होतं. पण अनुसूयाचे चौदा महिने आपण गिऱ्हाईक म्हणून खपवतो आहोत, हे रावांना तिथे त्या खुर्चीत पहिल्यांदा टोचलं.

"चालू नाही, सार. जूनमध्ये खाली झालं."

"हँडओव्हर नीट झाला?"

त्या दिवशी सकाळी त्यांनी दूध तापत ठेवलं होतं. अनुसूयाचा श्वास वेगळा वाटला म्हणून ते पलंगापाशी गेले आणि तिचा हात हातात घेऊन बसले. स्वयंपाकघरातून दूध वर आल्याचा आवाज आला. चारशे बारा घरांत जो हात क्षणात पुढे व्हायचा तो हात तिच्या हातात होता. सगळं दूध सांडलं, पातेलं जळलं, शेवटी वास येऊन शेजारची बाई धावत आली आणि तिने गॅस बंद केला. तोपर्यंत सगळं संपलं होतं.

"दूध उतू गेलं त्या दिवशी," राव म्हणाले. "सगळं गेलं. मी उठलो नाही."

शिवकुमार बंगळुरातच जन्मलेला. दूध उतू जातं ते घरात शिरताना, बाहेर पडताना नाही, हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं. त्याने पेन खाली ठेवलं.

"कोण होतं, राव सार?"

"माझी बायको."

तेवढ्यात कॉफी आली. रावांनी पेला उचलला आणि निम्मा प्यायल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हिच्यात दूध आहे. त्यांनी उरलेलीही प्यायली. नोकरी गेली, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. मुलाला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत ते उठायला लागले.

"बसा स्वल्प," शिवकुमार म्हणाला. "आमचं मोठं ऑफिस प्रोफाइलची ओळ न् ओळ तपासतं. ती एक ओळ खरी करून टाका, मग मी पुढे पाठवतो. गुरुवारी कोरमंगलात एक घर भाड्याने जातंय, नवीन जोडपं आहे. स्टो घेऊन या."

परत येताना रावांनी खालच्या दुकानातून अर्धा लिटर दूध घेतलं. दुकानदाराने पिशवी देताना त्यांच्याकडे बघितलं. घरी आल्यावर त्यांनी प्रांजलीला फोन केला, नोकरी लागली, घर राहिलं असं सांगितलं. ती ओळ संध्याकाळी येऊन आपण बदलू, ती म्हणाली. मीच बदलतो, राव म्हणाले, कुठे दाबायचं तेवढं सांग. तिने सांगितलं. मग हळूच विचारलं, हॉस्पिटॅलिटीचं पण चुकलंय का हो?

"ते असू दे," राव म्हणाले. "त्यानेच तर काम झालं."

माळ्यावरून त्यांनी पितळेचं पातेलं काढलं. वापराविना ते काळवंडलं होतं. चिंच भिजवून त्यांनी ते घासलं. अनुसूयाच्या हातासारखं लख्ख झालं नाही, पण झालं. त्यात दूध ओतून बारीक आचेवर ठेवलं आणि ते लॅपटॉपपाशी येऊन बसले.

'फ्रीलान्स प्रॉपर्टी कन्सल्टंट' त्यांनी एकेक अक्षर मागे घेत पुसलं. आकडा शंभरावरून नव्वदावर आला. पदाच्या चौकटीत त्यांनी लिहिलं, 'घरी रुग्णाची देखभाल'. कंपनीच्या नावाशी लाल फुली होती, रिकामं सोडू देत नव्हती. तिथे त्यांनी लिहिलं, 'अनुसूया राव'. ठिकाण, मल्लेश्वरम. सुरुवात होतीच. खाली तो चौकोन होता, आणि प्रांजलीने केलेली खूण त्याच्यात तशीच होती. अजून चालू आहे.

राव त्या खुणेकडे बघत बसले. मृत्यूचा दाखला काढायला श्रीहरी गेला होता, गॅसचं पुस्तक अजून अनुसूयाच्याच नावावर होतं. ती गेल्याची तारीख त्यांनी स्वतःच्या हाताने आजपर्यंत कुठेही लिहिली नव्हती. त्यांनी खूण काढली. लगेच दोन रिकाम्या चौकटी उघडल्या, महिना आणि वर्ष. जून. २०२५. बटण दाबताना त्यांना दुखलं, इंजेक्शन उतरायला लागल्यावर गाल दुखतो तसं, आधी थोडं आणि मग पुष्कळ.

पडद्यावर रंगीत कपटे उडाले. 'अभिनंदन! तुमचं प्रोफाइल शंभर टक्के पूर्ण झालं आहे.'

स्वयंपाकघरातून ओळखीचा आवाज आला. राव उठले आणि डोळे पुसायलाही न थांबता आत गेले. दूध काठाशी आलं होतं. पूर्वेकडे एक ओघळ जाऊ दिला आणि त्यांनी गॅस बंद केला. मग दूध निवेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.