एका थेंबाची साक्ष

मित्रांनो, मी रुग्णालयातला एक जुना ग्लुकोमीटर आहे. रक्तातील साखर मोजणारे, तळहातावर मावणारे यंत्र. रुग्णाच्या बोटाला सुई टोचतात, रक्ताचा थेंब कागदी पट्टीवर घेतात आणि ती पट्टी माझ्या मुखात सरकवतात. तेव्हाच मला वाचा फुटते. मी एक आकडा सांगतो आणि पुन्हा मौन धरतो.

कारखान्यात माझी कसून परीक्षा झाली. वॉर्डात आलो तेव्हा कौतुकही पुष्कळ झाले. "याचा आकडा प्रयोगशाळेशी तंतोतंत जुळतो हं!" असे डॉक्टर म्हणत. माझ्या शब्दावर इन्सुलिनची मात्रा ठरे. जखमा भरून येत, माणसे आपल्या पायांनी घरी जात. पुढे माझे कोपरे झिजले, झाकणाला चिकटपट्टी लागली. कौतुक आटले, विश्वास तेवढा उरला. त्या विश्वासाचीच ही व्यथा आहे.

खिडकीजवळच्या खाटेवर एक शिंपीकाका होते. मधुमेहाने पायाची जखम चिघळलेली, हृदयही थकलेले. साखर ताब्यात राहिली तरच ते वाचणार होते, आणि काका पथ्याला पक्के होते. काकूंची बोटे संधिवाताने आखडलेली. म्हणून त्यांच्यासाठी काका स्वतः संत्रे सोलत बसले होते.

"अहो, पडून राहा ना जरा. माझं काय घेऊन बसलात?"

"खा गं मुकाट्यानं! जन्मभर शिलाया उसवल्या, ही साल काय चीज आहे?"

तेवढ्यात परिचारिका आली. तिने घाईने स्पिरिटचा बोळा फिरवला आणि काकांच्या बोटाला सुई टोचली. बोटावरचा संत्र्याचा चिकट रस त्या बोळ्याने निघाला नव्हता. तो थेंबात मिसळला, आणि थेंबात जेवढी साखर होती तेवढी मी सांगितली. आकडा सकाळच्या दुपटीहून अधिक होता.

"काका, गुपचूप फोड मारलीत ना?"

"नाही हो सिस्टर, जिभेलासुद्धा लावली नाही!"

"सगळे असंच म्हणतात. मशीन काय खोटं बोलतंय?"

डॉक्टरांनी फोनवर आकडा ऐकला आणि इन्सुलिनची मात्रा वाढवली. 'हात धुवा, मला पुन्हा विचारा,' एवढेच मला सांगायचे होते. पण नव्या थेंबावाचून मी मुका! माझ्या डोळ्यांदेखत ते इंजेक्शन भरले गेले.

जेवणाचे ताट येण्यापूर्वीच काका घामाने निथळले. जीभ अडखळू लागली. "सिस्टर, धावा हो! हे मला ओळखेनात!" काकूंनी टाहो फोडला. या वेळी थेंब रस न लागलेल्या दुसऱ्या हाताच्या बोटाचा घेतला गेला. मी सांगितलेला अगदी खाली उतरलेला आकडा पाहून परिचारिकेचा चेहरा पांढराफटक पडला. शिरेतून ग्लुकोज दिले गेले. परंतु त्या थकलेल्या हृदयाला तो आघात सोसवला नाही.

काकांचा चष्मा पिशवीत ठेवताना काकू हलकेच म्हणाल्या, "पोरी, तुला दोष देत नाही मी. पण ते खोटं बोलत नव्हते गं."



मित्रांनो, सुई टोचण्यापूर्वी बोट पाण्याने धुऊन कोरडे करा. आकडा विपरीत वाटला, तर पुन्हा हात धुऊन दुसऱ्या बोटाचा थेंब घ्या. मी केवळ थेंबातली साखर जाणतो. माणूस खरे सांगतो आहे की नाही, हे कृपा करून मला विचारू नका. त्याच्या मुखाकडे पाहा.