पोटाजवळचा अ‍ॅम्प

गोजराकाकी जिना चढून आमच्या दारात आल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी बिनसलंय. गुडघ्यांमुळे त्या कधी वर येत नसत. भांडायचं असलं तरी खालच्या ओट्यावर उभं राहून, मान वर करून भांडायच्या, आणि कोपरखैरण्याच्या आमच्या गल्लीत मग कुणाचं काही ऐकायचं राहून जात नसे. पण माझं डोकं आधीच तापलेलं. दार उघडल्या उघडल्या मीच सुरू झाले.

"काकी, आवाज एकदम बारीक ठेवलाय. खाली गोधडीपण घातलीय. याच्यापेक्षा कमी केला तर मलाच ऐकू येणार नाही."

काकी धापा टाकत चौकट धरून उभ्या होत्या. उत्तर देईनात, म्हणून मी आणखी चार वाक्यं बोलून घेतली. मे महिन्यातली रविवारची दुपार, पंखा गरम वारा ओततोय, नवरा धम्मपाल तळोज्याच्या कंपनीत ड्यूटीवर, आणि मी सकाळपासून एकाच ओळीशी झटापट करत होते. आठवडाभर तुर्भ्याच्या ऑफिसात फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि रविवारी घरमालकिणीची ऐकायची, म्हणजे माणसानं करायचं काय?

मी बेस गिटार वाजवते. आमच्या गायन पार्टीत ढोलकी, हार्मोनियम, पॅड आणि मी. स्टेजवर सगळे एकत्र वाजतात तेव्हा बेस शोभून दिसतो, पण घरात तो एकटाच वाजत असला की ऐकणाऱ्याला गाणं कळत नाही, नुसतं घर हलतंय असं वाटतं. माझा सरावाचा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर, केवढासा, तर जेवणाच्या पिशवीत मावेल एवढा. काळा चौकोनी डबा, वर धरायला कडी, चार्जिंगवर चालणारा. पण त्याचे खालचे सूर कानाला कमी आणि भिंतींना जास्त लागतात. काकींच्या मांडणीतली ताटं थरथरायची. "माजी भांडी नाचतान," असं म्हणत त्यांनी मला दोनदा खोली सोडायला सांगितलं होतं.

मग निशिगंधा बाळंतपणाला माहेरी आली. काकींची धाकटी लेक, पहिलटकरीण, सासर करंजाड्याला. एकदा पोटाला हात लावून जिन्यातच मला म्हणाली, "ताई, तुम्ही वाजवता ना, तेव्हा हे आत लाथा मारतं. तुम्ही थांबलात की गप." मला एवढा आनंद झाला की सांगता सोय नाही. माझा एकटीचा बेस आवडणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं, तेही अजून जन्माला न आलेलं. तेव्हापासून काकीही जरा नरमल्या होत्या. "वाजव, पन हलू," एवढ्यावर आल्या होत्या.

"झाला तुजा बोलून?" काकींनी शेवटी श्वास गोळा करून विचारलं. "मी भांडायला नाय आले. तो डबा घे आनि खाली चल. सकालपासना पोर हलला नाय."

गिटार गळ्यातच होती. एका हातात अ‍ॅम्प घेतला आणि काकींच्या मागोमाग उतरले. त्या एकेक पायरी बसत-उठत उतरत होत्या आणि अरुंद जिन्यात मला पुढेही जाता येईना. जीव नुसता तडफडत होता.

खाली हॉलमध्ये निशिगंधा दिवाणावर डाव्या कुशीवर निजली होती. तिची वहिनी भाविका उसाच्या रसाचा रिकामा पेला घेऊन उभी होती. रस पाजून झाला होता, गार पाणी झालं होतं, लाडू झाला होता. भाऊ हरेश फोन हातात घेऊन दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत होता.

"हॉस्पिटलला फोन केलात?" मी विचारलं.

"उद्याची तारीख हाय ना तपासनीची," हरेश म्हणाला. "आई बोलतेय, शेवटच्या दिवसांत पोर गप होतं. उगाच टेन्शन नको."

"गप होतंच," काकी म्हणाल्या. "खाली सरकला की जागा नाय रहात त्याला. तू वाजव. तुजा ऐकला की हलल."

खरं सांगते, त्या क्षणी मला तेच हवं होतं. त्या घरात मला कधी कुणी वाजव म्हटलं नव्हतं. मी अ‍ॅम्प फरशीवर ठेवला, स्टुलावर बसले आणि वाजवू लागले. पोराला आवडायची तीच चाल, सावकाश, खालच्या तारेवरची. मांडणीतली ताटं किणकिणली. सगळ्यांचे डोळे निशिगंधाच्या पोटावर खिळलेले. मी निशिगंधाच्या तोंडाकडे बघत होते. तिनं हळूच मान हलवली, नाही म्हणून.

"लांब पडतंय," काकी म्हणाल्या. "जवल ठेव."

भाविकानं उशी आणली. उशीवर अ‍ॅम्प आडवा ठेवला, त्याची जाळी निशिगंधाच्या पोटाला अगदी टेकवून. काकी दिवाणाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी दोन्ही तळवे लेकीच्या पोटावर पसरले. त्या हातांवर गल्लीतल्या सगळ्यांचा भरवसा. कितीतरी पोरांना त्यांनी तेल लावून, शेकून, न्हाऊ घालून मोठं केलं होतं. पोटाला हात लावून पोर आडवं आहे की उभं ते सांगायच्या, आणि त्यांचं चुकलेलं कुणाला आठवत नव्हतं.

मी आवाज थोडा वाढवला आणि सगळ्यात जाड तार छेडली.

"हलला!" काकी ओरडल्या. "हलला गो बाय! हरेश, हलला!"

घरात एकदम जीव आला. हरेशनं भिंतीला पाठ टेकली आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. भाविका देवापुढे साखर ठेवायला धावली. काकींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "मना ठाऊक होता. वाजव, वाजव, थांबू नको." हरेशनं करंजाड्याला फोन लावला आणि मोठ्यानं सांगू लागला, "दाजी, काय नाय, सगळा ओके हाय, हलतंय पोर, तुमी नका येऊ धावत."

मीही हसत होते. माझ्या वाजवण्यावर कुणी रडलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. जाड तार, मग तिसरी, मग पुन्हा जाड. दर सुराला काकी मान डोलवत, "ह्ये बग, ह्ये बग परत!"

तेवढ्यात माझी नजर निशिगंधाकडे गेली. ती आईकडे बघत होती. हसत नव्हती. ओठ घट्ट मिटलेले, आणि उशीचं टोक मुठीत आवळून धरलेलं.

बेस वाजवणाऱ्याला सूर संपवायचा असला की तारांवर पंजा टेकवावा लागतो, नाहीतर तो घुमत राहतो. मी पंजा टेकवला.

"थांबला," काकी म्हणाल्या.

मी तार छेडली.

"हलला!"

पंजा टेकवला.

"थांबला."

मी आणखी एकदा करून पाहिलं, कारण मला ते खरं असायला नको होतं. सूर लांबवला तर काकींना पोर बराच वेळ हलताना लागे, सूर तोडला की तेही थांबे. लाथ अशी नसते. लाथ आपल्या मर्जीनं येते, ती माझ्या बोटाची वाट बघत थांबत नाही.

मी अ‍ॅम्प बंद केला.

"काय झाला? चार्जिंग संपली?" हरेशनं विचारलं.

"काकी," मी म्हटलं, "ते बाळ नाही. अ‍ॅम्प थरथरतोय. तेच तुमच्या हाताला लागतंय."

"येडी का खुली तू?" काकी माझ्यावर कडाडल्या. "चाळीस पोरा न्हानलीत या हातांनी. तू मना शिकवतंस? भरल्या घरात असा वंगाळ बोलतान?"

"तुम्ही घरी गेलात तरी चालेल आता, ताई," हरेश म्हणाला. तुसडेपणानं नाही, पण मी समोर नको होते त्याला. भाविका देवघराच्या दारात साखरेची वाटी धरून तशीच थांबली.

जावं असं मला वाटलंही. भाडेकरूनं मालकाच्या घरात अशी गोष्ट बोलू नये, आणि माझं चुकत असलं तर या बाईनं मला जन्मभर माफ केलं नसतं. पण माझा स्वभाव वाईट आहे. तो त्या दिवशी उपयोगी पडला. मी वाद न घालता अ‍ॅम्प परत सुरू केला, काकींचा उजवा हात मनगटाला धरून लेकीच्या पोटावरून उचलला आणि उशीच्या दुसऱ्या टोकावर ठेवला. तिथे नुसता कापूस होता. मग तार छेडली.

काकींनी हात चटका बसल्यासारखा काढून घेतला. माझ्याकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं आणि आपणहून तो परत तिथेच ठेवला. मी पुन्हा छेडली. मी तो सूर मुद्दाम लांब चालू ठेवला. काकींचं तोंड हळूहळू उतरत गेलं.

"आई," निशिगंधा म्हणाली. "मला आतून काहीच लागलं नाही. रात्री झोपल्यापासूनच नाही लागलेलं. तू एवढी खूश झालीस, मला बोलवेना."

"हरेश, गाडी काढ," काकी म्हणाल्या.

यानंतरचं सगळं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. भाविकानं फाईल शोधण्यात घातलेला वेळ. गल्लीच्या तोंडाशी अडवून लावलेला टेम्पो, आणि मी त्याच्या मालकाला ज्या शब्दांत हाका मारल्या ते शब्द. मागच्या सीटवर निशिगंधाचं डोकं माझ्या मांडीवर, पाय काकींच्या मांडीवर. प्रत्येक सिग्नलला हरेश स्टिअरिंगवर हात आपटत होता. काकी वाशी येईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. एरवी त्यांचं तोंड कधी एकदा बंद पडतंय असं मला व्हायचं. त्या दिवशी त्यांनी मला शिव्या द्याव्यात म्हणून माझा जीव तुटत होता.

हॉस्पिटलात निशिगंधाला खुर्चीत बसवून आत नेलं. मला आणि काकींना दारापर्यंत जाऊ दिलं. सिस्टरनं पोटावर जेल लावून ठोके ऐकायच्या यंत्राची मूठ फिरवायला सुरुवात केली. नुसती खरखर. इकडे फिरवली, खरखर. तिकडे फिरवली, खरखर. मी जगातल्या सगळ्या खालच्या सुरांवर प्रेम करणारी बाई, एका ठोक्यासाठी कानात प्राण आणून उभी होते. आणि मग तो आला, लांबून, दबका. सिस्टरच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. ठोके फार सावकाश पडत होते, ते मलाही कळलं. ताल घसरलेला आम्हाला लगेच कळतो. डॉक्टर आल्या, ऐकलं आणि चालता-चालताच म्हणाल्या, "ऑपरेशन थिएटर तयार करा, सीझर करायचंय. सही कोण करतंय?"

बाहेर बाकावर आम्ही बसलो. बसलो म्हणायचं एवढंच. हरेश जिन्यानं खाली जात होता, वर येत होता. करंजाड्याहून निशिगंधाचा नवरा आला आणि तोही त्याच्यासोबत खाली-वर करू लागला. माझी बोटं मांडीवर आपोआप चालत होती, मी ती मुठीत दाबून धरली. काकी मात्र हात मांडीवर उताणे ठेवून नुसत्या तळव्यांकडे बघत बसल्या होत्या. मी चहा आणला, तो त्यांच्या शेजारी गार होऊन गेला.

"मी पन्नास वेला हात ठेवला आसता," त्या एकदाच बोलल्या, "आनि पन्नास वेला हलला बोलले आसते."

मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसून राहिले.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा आम्ही सगळे एकदम उठलो. मुलगी झाली होती. नाळेचे वेढे मानेला होते. रडायला वेळ लावला तिनं, थोडा प्राणवायू द्यावा लागला, आता ठीक आहे. निशिगंधाही ठीक. "आज आणलंत ते बरं झालं," डॉक्टर म्हणाल्या. "उद्याची वाट बघितली असती तर मी तुम्हाला हे सांगायला आले नसते." निशिगंधाचा नवरा खाली बसला तो उठेचना.

ऊन उतरायला लागलं तेव्हा सिस्टर कापडात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन आली. "आजी कोण?"

सगळ्यांनी काकींसाठी वाट केली. काकी पुढे झाल्या, हात वर आले आणि अर्ध्यातच थांबले. त्यांनी ते पदराखाली घेतले.

"तिला द्या," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "माज्या हाताला कलत नाय. तू बग आदी."

"काकी, अहो, मी कशी आधी..."

"बग बोलले ना."

सिस्टरनं गाठोडं माझ्या हातांत ठेवलं. माझ्या बोटांना तारांचे घट्टे पडलेत. गॅसवरची वाटी उचलली तरी पटकन भाजत नाही अशी ती बोटं. मी त्यांतली दोन कापडाच्या घडीत सरकवली आणि थांबले. काही नाही. मी श्वास रोखून धरला. काकी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, बाळाकडे नाही.

मग एक टाच आली आणि माझ्या बोटाला फाडकन लागली. परत लागली. मध्येच थांबली आणि मग आपल्या मर्जीनं तिसऱ्यांदा लागली.

"हलते?" काकींनी विचारलं.

"हलते, काकी," मी म्हटलं. मला रडू आवरेना. "चांगल्या लाथा घालते."

"मंग रडतंस कशाला," काकी म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "दे इकडं."