बिया तडकतात तेव्हा

आमच्याकडे कॉफीच्या बिया घरीच भाजतात. ते काम ह्यांचं. निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघरातलं हे एवढं एक काम ते कुणाला करू देत नाहीत. लोखंडी कढईत दोन मुठी बिया घालायच्या, लाकडी उलथन्याने हलवत राहायचं, आणि त्या तडतडल्या की थोड्याच वेळात चाळणीत ओतायच्या. जास्त राहिल्या तर कोळसा.

मी शेजारीच जपाला बसते. पूर्वी तडतड कानावर आली की जपातूनच मी म्हणायचे, "वाजल्या हो." नुसती सवय. या महिन्यापासून जप होईपर्यंत मी मौन धरलं, आणि बिया जळायला लागल्या.

"बियाच निकस आल्यात," हे म्हणाले. मग शेगडीला नावं ठेवली, मग कढईला.

लेक राहायला आलेली. एक घोट घेऊन म्हणाली, "बाबा, ही कॉफी आहे की काढा? एक दिवस घर पेटवाल. उद्या जळलं तर कढई मी घेऊन जाणार."

"ने की. मी बसतो भिंतींशी गप्पा मारत." हसले खरे, पण कप तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी बिया पिवळ्या झाल्या, तपकिरी झाल्या. तडतड सुरू झाली, माझ्या आसनापर्यंत स्वच्छ ऐकू येत होती. हे आपले हलवताहेत. चेहऱ्यावर काहीच नाही. तेव्हा माळेवरचं माझं बोट थांबलं. बियांचं काही बिघडलं नव्हतं.

लेक दारातच उभी. "वाजल्या" अगदी ओठांवर आलं होतं. पण मौन जिभेचं होतं, हाताचं नव्हतं. मी त्यांची बाही ओढली.

त्यांनी चमकून पाहिलं आणि कढई चाळणीत रिकामी केली. बिया एकसारख्या, छान तपकिरी.

"आज कसं जमलं हो?" लेकीने विचारलं.

मी माळेकडे बघत राहिले. हे चाळणी हलवत सालपटं फुंकत होते. म्हणाले, "हिने खुणावलं. बोललेलं ऐकू येतं गं मला, ही बारीक तडतड नाही येत."

"मग सांगायचं नाही का, बाबा?"

"सांगितलं असतं तर कढई तेव्हाच गेली असती."

लेकीने फडकं घेतलं. कढई उचलून तिने खुंटीला अडकवली. "उद्या सकाळी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ."

"जाऊ," हे म्हणाले. "भाजून झाल्यावर."