तारेला अडकलेला किडा

मी भित्री आहे. आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. विहिरीत मी डोकावत नाही, लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, आणि अवेळी फोन वाजला की आधी देवाचं नाव घेते. अशा बाईने बावन्नाव्या वर्षी धरणाच्या घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून मासे धरायला शिकावं, हे कुणाला पटणार नाही. मलाही पटत नव्हतं. पण माझा धाकटा भाऊ भागवत रोज सकाळी मुळा धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यात एकटाच जाऊन उभा राहायचा, आणि इकडे सासरी, देवळाली प्रवऱ्यात, माझ्या तव्यावरची भाकरी करपायची.

भागवत चोवीस वर्षं लष्करात होता, हवालदार होऊन घरी आला. आई-वडील गेले, चार वर्षांपूर्वी भावजय काविळीने गेली, पोरगी पुण्याला नोकरीला. माझं माहेर म्हणजे आता हा एक माणूस. त्याला काही झालं तर मला ‘माहेरी जाते’ असं म्हणायला जागा उरणार नाही. म्हणून मी फोनवर म्हटलं, “मलाबी शिकव.”

तो खो खो हसला. “आक्का, तू? बादलीतल्या पान्याला भितीस तू.”

मासे धरायची त्याची तऱ्हा निराळीच होती. पहाडात असताना एका मेजरसाहेबांनी त्याला शिकवलेली. लांब लवचिक काठी, तिला रीळ, जाडसर दोर, आणि टोकाला गळावर पिसं गुंडाळून केलेला खोटा किडा. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. किडा इतका हलका की तो फेकताच येत नाही. फेकायचा दोर, किडा आपला त्याच्या मागोमाग जातो. एवढा खटाटोप करून मासा लागला, तर त्याला सोडून द्यायचं! गावात यावरून त्याची यथेच्छ टिंगल व्हायची. आमच्या घरात मासा शिजत नाही, त्यामुळे सगळ्या प्रकारात मला सोडून देणं तेवढं शहाणपणाचं वाटलं.

मी रोज पहाटे त्याच्याकडे जाऊ लागले, आणि पहिले आठ दिवस त्याने मला कोरड्या रानात उभं केलं.

“कोपर अंगाला धर. मनगट ताठ. मागं ने... थांब. दोर मागं सरळ हू दे. आता पुढं सोड.”

त्या ‘थांब’ने माझा जीव घेतला. आपल्या पाठीमागे, जिथे आपले डोळे नाहीत तिथे, वीस हात दोर हवेत गेलेला, त्याच्या टोकाला गळ, आणि आपण मुकाट उभं राहायचं. माझ्याच्याने ते व्हायचं नाही. मी घाई करायची आणि दोर माझ्याच गळ्यात पडायचा. एकदा गळ भागवतच्या टोपीत रुतला. बोटभर खाली असता तर कानात गेला असता.

“काय झालं न्हाई,” टोपी झटकत तो म्हणाला. “फकस्त आधी मागं बघत जा.”

मग एका सोमवारी सकाळी तो मला नव्या जागी घेऊन गेला. पाणी ओसरल्यामुळे नेहमीच्या जागी नुसता गाळ राहिला होता. इथे पाय रुतत नव्हते, पण मागे कमरेएवढा दगडी बांध होता आणि बांधावरून विजेच्या उघड्या तारा काठावरच्या पाण्याच्या मोटारींकडे गेलेल्या. त्या फारच लोंबत होत्या; मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. भागवत म्हणाला, “लांब हायेत गं.” मी चार पावलं आणखी पाण्याकडे सरकले.

आणि त्या दिवशी जमलं. दोर मागे गेला, मी थांबले, पुढे सोडला, आणि तो पाण्यावर अलगद उतरला. दोनदा, तीनदा. भागवत इतका खूश झाला, की त्याने डबीतून एक तपकिरी किडा काढून माझ्या दोराला बांधला. मेजरसाहेबांनी स्वतःच्या हाताने केलेला. साहेब गेल्या वर्षी वारले. त्यांचे तीनच किडे उरले होते. मला एवढा आनंद झाला, की थोडा थोडा दोर सोडत आणि मासा हेरत मी मागे मागे येत गेले. मागे बघायचं राहिलं.

काठीला हिसका बसला. वळून पाहते तर किडा तारेला गुंडाळलेला. मी काठी टाकून पळाले.

भागवतने ती उचलली.

“हात लावू नको!” मी ओरडले. “तार हाय ती!”

“लाईट न्हाई आता. रातची पाळी चाललीय. पहाटंपतुर मीच पानी भरलंय.” शेतीला वीज एक आठवडा रात्री, एक आठवडा दिवसा मिळते.

“ती मागच्या आठवड्याची. आज सोमवार हाय, आज पाळी बदलती. आमच्याकडं काल मालकांनी रातचं शेवटचं पानी दिलं.”

“तुमचा फीडर, तुमची लाईनच येगळी. इकडं बुधवारी बदलती.” तो बांधावर चढलासुद्धा. “साहेबाच्या हातचा किडा हाय, असा सोडू का?”

त्याने काठी वर धरली. नऊ फुटांची, कार्बनची. आभाळ गडगडलं की ती खाली ठेवायची, कार्बन वीज ओढतो, हे त्यानेच मला पहिल्या दिवशी बजावलं होतं. आता ते त्याच्या ध्यानातही नव्हतं. काठीचं टोक तारेकडे चाललं. त्याचा फीडर खरंच वेगळा असेल का, हे मला कुठे ठाऊक होतं?

“भागवत, तुला आईची आन हाय.”

“आक्का, गप उभी ऱ्हा. लई भितीस तू.”

चूक माझीच होती. तो विहिरीत पोहायला गेला तेव्हा आईची आन घातली, चिंचेवर चढला तेव्हा घातली, भरतीला निघाला तेव्हाही घातली. दरवेळी तो धडधाकट परत आला. आता ती आन कोण ऐकणार?

टोक तारेपासून हातभर राहिलं. मी धावले, त्याच्या दोन्ही पायांना मिठी मारली आणि सगळं अंग मागे टाकलं. तो माझ्यावर कोसळला. खाली काठी आली आणि कडकन मोडली; दोर तुटून तारेवरच लोंबत राहिला.

“येडी झालीस का तू!” त्याचं कोपर सोलवटलं होतं. तिकडे न बघता त्याने काठीचे दोन तुकडे हातात घेतले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “साहेबांनी दिली हुती गं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भावजय गेल्यापासून रोज सकाळी तो या काठीसाठी उठत होता, आणि ती मी माझ्या भीतीपायी मोडली होती.

“आता किडा तरी काढतो,” तो म्हणाला आणि वरचा तुकडा घेऊन त्याने बांधावर पाय ठेवला.

तेवढ्यात शेजारची मोटर घुरघुरली. मग तिच्या पलीकडची, मग आणखी पलीकडची. लोक मोटारी ऑटोवर ठेवून घरी जातात. वीज आली की त्या आपोआप चालू होतात. काठावरचे काळे पाईप एकामागून एक थरथरले आणि वरच्या रानात पाणी पडल्याचा आवाज आला.

भागवत एक पाय बांधावर ठेवून तसाच राहिला. तारेवरून लोंबणारा ओला दोर वाऱ्याने हलत होता, त्याच्या पायापासून हातभर अंतरावर. त्याने पाय खाली घेतला. हातातला तुकडा टाकला.

“आक्का, मागं सर,” तो म्हणाला. आवाज त्याचा वाटतच नव्हता.

आम्ही लांब जाऊन बसलो. वायरमनला फोन मी लावला, त्याला नंबर दाबता येईना. वायरमन येईपर्यंत तिथून हलता येत नव्हतं; कुणाचं शेरडू-करडू, कुणाचा हात त्या दोराला लागला असता. भागवत गुडघ्यात मान घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं होतं, आपलं खरं झालं की बरं वाटतं. काही बरं वाटत नव्हतं.

चोवीस वर्षं तो कुठल्या बर्फात उभा आहे, हे नकाशावर शोधत मी घाबरले. त्या घाबरण्याचा त्याला काडीचा उपयोग झाला नसणार. मी फार लांब होते. आज हात पोचला.

वायरमनची फटफटी दिसेपर्यंत मी भागवतचं मनगट धरून ठेवलं. त्यानेही ते सोडवून घेतलं नाही.