रीगाचे दोर

त्या रविवारी इलियासच्या आरमारात चौतीस जहाजं उरली होती आणि तिजोरीतला पगार चोवीस जहाजांच्या खलाशांनाच पुरत होता.

उस्मानपुऱ्यात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. वरच्या खोलीत रेक्झिनवर रंगवलेला युरोपचा नकाशा पसरलेला असे. इलियासची जहाजं म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायचे तांब्याचे लग, त्रिंबकच्या फ्रान्सची म्हणजे जळके फ्यूज. नियम अप्पाराव सरांचे, दोनशे पानी वहीत. सरांनी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला होता, पण त्यांच्या वहीतला नेपोलियन रशियावर चालून गेलाच नव्हता. त्याने झारशी सोयरीक केली आणि बाल्टिकची सगळी बंदरं इंग्रजांना बंद केली. दोर, डांबर, डोलकाठ्या तिथूनच यायच्या. त्या थांबल्या, व्यापार बसला आणि गेली सहा वर्षं इलियासचं इंग्लंड रविवारागणिक झिजत होतं. इंग्लिश खाडीत वीसपेक्षा कमी जहाजं राहिली की फ्रेंच उतरणार, खेळ संपणार.

खेळ संपला की त्रिंबकही जाणार होता. एसटीतून निवृत्त झालेला हा माणूस चितेगावात एकटा राही. त्याचा मुलगा शिवशंकर नाशिकला. घर विकून बापाला न्यायचं म्हणून तो दोन वर्षं मागे लागला होता. "डाव संपल्याबिगर हलणार नाय," एवढंच त्रिंबकचं उत्तर. बायको अजरा वारल्यापासून इलियासकडे रविवार हा एकच वार उरला होता.

"तह कर ना इलियासभाई," त्रिंबक म्हणाला. "तुझे खलाशी आता बूट उकडून खात असतील."

"तह म्हणजे खेल खतम. चाय पियो चुपचाप."

"ही चाय हाय व्हय? जायकवाडीचा गाळ हाय."

"बोलणं बंद," सर म्हणाले. "चिठ्ठ्या लिहा."

चिठ्ठी डब्यात पडली की तिच्यात बदल नाही, आणि लिहिताना खेळाबद्दल चकार शब्द नाही. हा नियम इलियासनेच मागून घेतला होता, कारण त्रिंबक बोलण्यात गुंडाळायचा.

इलियासने हिशेब मांडला. बाल्टिकच्या तोंडावरची दहा जहाजं मोडीत काढायची, खलाशांना घरी पाठवायचं आणि खाडीतली चोवीस जगवायची. थंडीचे दिवस, दोर जुने. तेव्हा सर फासा टाकणार आणि पडेल तितकी जहाजं बुडणार. चारपर्यंत चालेल. निभावलं तर आणखी आठ रविवार मिळतील. त्याने तसं लिहिलं.

सरांनी दोन्ही चिठ्ठ्या उघडल्या. आधी इलियासची वाचली. मग त्रिंबकची, आणि वाचता वाचता त्यांनी चष्मा पुसला.

"फ्रान्स बाल्टिकमधलं रीगा बंदर एका डावापुरतं उघडतो. दोर, डांबर, डोलकाठ्या इंग्रजांना फुकट. माल नेण्यासाठी सोबतीला इंग्रजांची बाल्टिकच्या तोंडावरची दहा जहाजं हवीत."

नवे दोर आले असते तर फासाच टाकावा लागला नसता.

"तू मोडली?" त्रिंबक म्हणाला. "आजच मोडली?"

"तुम्ही दया कधीपासून करायला लागलात, त्रिंबकराव?" सरांनी विचारलं.

"दया नाय. मलाबी नाशिकला जायचं नव्हतं."

सरांनी फासा टाकला. पाच.

"टेबल हललं," त्रिंबक लगेच म्हणाला.

टेबल हललं नव्हतं. सहा वर्षांत सरांनी फासा कधी दुसऱ्यांदा टाकला नव्हता. त्यांनी इलियासकडे पाहिलं. इलियासने होकारार्थी मान हलवली.

"हो. हललं," सर म्हणाले आणि पुन्हा टाकला.

सहा.

सरांनी सहा लग उचलून बाजूला ठेवले; खाडीत अठराच उरले. वहीत तारीख घातली, खाली रेघ मारली.

त्रिंबकने फोन लावला. "शिवा, संपलं बग. ये बुधवारी. दुपारून ये, सकाळी गॅसवाला येणार हाय सिलेंडर घ्यायला."

फोन ठेवल्यावर इलियासने विचारलं, "नाशिकला असं कुणी खेळतं का?"

"नाय," त्रिंबक म्हणाला.