आखूड पायाखालची घडी

मित्रांनो, माझ्यावर आजवर कितीतरी जण स्वस्थ बसले, मला मात्र ते सुख कधी मिळालं नाही. मी शाळेतली एक जुनी खुर्ची आहे. सुतारकाकांनी मला घाईघाईत घडवलं. त्यांना भूक लागली होती, माझा एक पाय बोटभर आखूड राहिला आणि ते म्हणाले, "चालतंय की." तेव्हापासून मी डुगडुगतेच आहे.

सुरुवातीला माझं कौतुक झालं. लाकूड भक्कम आहे, असं सगळे म्हणायचे. पुढे माझ्या कुरकुरीला कंटाळून मला अडगळीत टाकलं आणि कोळ्यांनी माझ्यावर संसार थाटला. नव्या बाई आल्या, त्यांनीच मला धुऊनपुसून वर्गात आणलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, म्हणून तर पुढचं सांगताना जीव कासावीस होतो.

बाई फार कल्पक. जमिनीवर खडूने नदी काढायच्या आणि मुलांना तिच्यावरून उड्या मारत पाढे म्हणायला लावायच्या. पण पायाला भिंगरी. प्रश्न विचारला की उत्तर यायच्या आत पुढच्या बाकाशी पोचलेल्या.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. ती वर्गात कधीच बोलत नसे, म्हणून मुलं तिला 'कुलूप' म्हणायची. तिची वहीही कोरीच. शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाईंनी बजावलं होतं, "महिनाअखेरपर्यंत ही उघडली नाही, तर तिला खालच्या वर्गात बसवावं लागेल." बाईंची झोप उडाली.

एके दिवशी बाई म्हणाल्या, "तुम्हाला मला जे सांगावंसं वाटतं ते कागदावर लिहा." कुलूपने लिहिलं. हो, मी पाहिलं. तिने कागद टेबलाच्या कडेला ठेवला आणि पंख्याच्या वाऱ्याने तो खाली पडला. इतक्यात मोठ्या बाई पाठ बघायला आल्या. बाई गडबडीने माझ्यावर बसल्या, मी नको तेव्हा कुरकुरले, पोरं फिदीफिदी हसली. बाईंनी हाताला लागला तो कागद उचलला, न बघता चार घड्या घातल्या आणि माझ्या आखूड पायाखाली सारला.

कुलूप बघत होती. तिने पेन्सिल दप्तरात ठेवून दिली.

त्यानंतर बाईंनी चित्रं काढली, माती आणली, गाणी म्हटली. पोर ढिम्म हलेना. "काय चुकलं गं माझं?" असं बाई रिकाम्या वर्गात पुटपुटायच्या, आणि उत्तर माझ्या पायाखाली. मला वाचा नाही. मी फक्त डुगडुगायचे, जमेल तितकी जोरात.

महिना संपायच्या आदल्या दिवशी घडी झिजून बाहेर सरकली. ती परत सारायला बाई वाकल्या, तर त्यांना पेन्सिलीची अक्षरं दिसली. त्यांनी कागद उलगडला. 'बाई, मी घरी खूप बोलते. इथे शब्द यायला उशीर लागतो आणि तुम्ही पुढे जाता. थोडं थांबाल का?'

बाईंनी जमिनीवरच बसून कागदाची एकेक घडी तळहाताने सपाट केली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. बाईंनी तो कागद सगळ्या वर्गाला दाखवला आणि तिसऱ्या बाकाकडे बघून म्हणाल्या, "मी न बघता दुमडला. माझं चुकलं. आता सांग, मी थांबते." मग त्या माझ्यावर बसल्या आणि खरंच थांबल्या. मोठ्या बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. पायाखाली काही नसूनही मी हलले नाही, कारण बाई हलल्या नाहीत.

शेवटी बारीक आवाज आला. "बाई, खुर्चीला पुठ्ठा आणू का?"

ती तिसऱ्या बाकावरच राहिली, आणि आता माझ्या पायाखाली तिनेच कापलेला पुठ्ठा आहे. तरी कुणी घाईने बसलं की मी मुद्दाम कुरकुरते. मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या शिक्षक झालं, तर मला खुशाल डुगडुगू द्या. मुलाचा कागद मात्र दुमडायच्या आधी एकदा वाचा.